गिळायचं नाही

त्या बाईंच्या बोटांना संत्र्याच्या सालीचा वास येत होता. तेवढंच झालं, दुसरं काही नाही. मंगळवारची सकाळ, सव्वानऊ, दातांच्या इस्पितळाच्या तळमजल्यावरची आमची खोली. खोलीत दोन खुर्च्या, एक वजनकाटा, एक फ्रीज, महिन्यापूर्वी आलेलं नवं यंत्र आणि मी. बाई साठीच्या, नीटनेटक्या, हातात डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी. तोंड कोरडं पडतं अशी तक्रार. मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. सकाळपासून काही खाल्लं? नाही. चहा? नाही. दात कधी घासले? सहाला. तोंडात आत्ता काही आहे? नाही. मग नळी आणि नरसाळं त्यांच्या हातात देताना मला तो वास आला. "संत्रं सोललंत?" मी विचारलं. "नातीच्या डब्यासाठी. पण मी तोंडात नाही हो टाकलं, नुसतं सोललं." "सोललं तरी झालंच. हात साबणाने धुवा आणि बाहेर तासभर बसा. आंबटाच्या नुसत्या वासानेही तोंडाला पाणी सुटतं, आकडा खोटा येतो." हे वाक्य मी बावीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. आता ते माझ्या तोंडून मी झोपेत असलो तरी निघेल. बाई निमूट उठल्या. मी पुढचा नंबर पुकारायला दारापाशी गेलो, आणि पुकारता पुकारता मला आठवलं की नऊ वर्षांपूर्वी आमच्या ओट्यावर लिंबं होती.

नंबर पुकारायचा राहिला. बाकावरचे लोक माझ्याकडे बघत होते, मी दाराच्या चौकटीला हात लावून उभा होतो. मग कुणीतरी म्हणालं, "सात ना?" मी म्हणालो, "सात."

माझं काम सांगायला सोपं आणि ऐकणाऱ्याला जड. मी लाळ मोजतो. माणसाला खुर्चीत बसवायचं, मान थोडी पुढे झुकवायची, ओठ सैल सोडायला सांगायचे, आणि पाच मिनिटं तोंडात जे जमेल ते नळीत गळू द्यायचं. थुंकायचं नाही, ओढून आणायचं नाही, बोलायचं नाही आणि गिळायचं नाही. गिळायचं नाही हे मी दोनदा सांगतो, कारण गिळणं कुणी ठरवून करत नाही, ते होऊन जातं. पहिलं मिनिट सगळ्यांनाच लाजल्यासारखं होतं. जन्मभर दुसऱ्यांना लाळ गाळायला लावणारे साहेबलोक माझ्यासमोर टाय खांद्यावर टाकून खाली मान घालून बसतात, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत मला गंमत वाटायची. आता वाटत नाही. आता मी फक्त घड्याळ बघतो. मी या कामाला लागल्यावर वर्षभरात, सगळे जेवायला बसलेले असताना, माझा साडू म्हणाला होता, "आमच्या साडूभाऊंचं बरं आहे, लोकांची थुंकी झेलतात आणि वर पगार घेतात." सगळे हसले. मीही हसलो, करतो काय. बायको तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "हे झेलतात आणि मोजतात. तुम्ही ऑफिसात नुसतीच झेलता." साडूचा घास हातातच राहिला. तेव्हा ती अशी बोलायची, ताडकन आणि नेमकं. बोलण्यात तिच्या कुणी नादी लागायचं नाही.

सात नंबर तरुण होता, गोळ्या कसल्या तरी चालू होत्या त्याच्या. त्याची पाच मिनिटं चालू असताना मी लिंबांचा हिशेब लावत बसलो. रविवार होता, दुपारचे चार. मुलगी शिकायला परगावी निघाली होती, तिच्याबरोबर सरबताचा पाक द्यायचा म्हणून बायको दोन डझन लिंबं कापत होती. त्या वर्षी ती रोज म्हणायची, तोंड कोरडं पडतंय. जेवताना म्हणायची घास नुसता फिरतो, पुढे सरकत नाही. शाळेतून आल्यावर म्हणायची जीभ टाळूला चिकटते. बालवाडीत शिकवायची ती. दिवसाला तीन गोष्टी, वाघाचा आवाज वेगळा, सशाचा वेगळा, आणि मुलं आवाज बदलला नाही तर सोडायची नाहीत. मी म्हणायचो, पाणी पी. ती म्हणायची, पाण्याने होत नाही. मी म्हणायचो, पाण्याने होत नाही तर कशाने होणार. या एका विषयावर तिने माझ्याकडे दाताच्या कण्या केल्या, आणि मला त्याचा कंटाळा आला होता. हे आता कबूल करायला हरकत नाही. दिवसभर खोलीत दहा माणसं तेच सांगायची आणि घरी अकरावी. म्हणून त्या रविवारी मी खिशातून नळी आणि नरसाळं काढलं आणि म्हणालो, "ये, एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

तिला किती बरं वाटलं होतं. तेच मला मंगळवारी दिवसभर आठवत राहिलं, वासापेक्षा जास्त. तिने फडक्याला हात पुसले, गॅस बंद केला, स्टूल ओढून ओट्यापाशीच बसली आणि केस कानामागे घेतले. आपलं कुणीतरी नीट बघणार आहे अशी तिची मुद्रा होती. शेजारी ताटात चिरलेल्या फोडी होत्या, रसाने ओट्यावर थारोळं झालं होतं, आणि माझ्यासारखा माणूस, संत्रं सोललेल्या बोटांवरून पेशंटला तासभर बाहेर बसवणारा माणूस, त्या फोडींपासून हातभर अंतरावर घड्याळ धरून उभा होता. पाच मिनिटांत एक पूर्णांक नऊ मिलिलिटर. म्हणजे मिनिटाला शून्य दशांश अडतीस. "नॉर्मल आहे," मी म्हणालो. ती म्हणाली, "असं कसं?" मी म्हणालो, "कसं म्हणजे? आकडा आहे समोर." मग म्हणाली, "लिहून द्या." मुलीच्या वहीचं पान फाडून मी लिहून दिलं, ०.३८, नॉर्मल, आणि सवयीने खाली सही ठोकली. तिने कागद वाचला, घडी घातली आणि पुन्हा लिंबं कापायला लागली. त्यानंतर तिने तोंडातून त्या विषयावर ब्र काढला नाही. मला वाटलं, चला, सुटलो. आजार मनाचा होता, गेला.

तासाभराने संत्र्याच्या बाई परत आल्या. त्यांचं प्रमाण चांगलं निघालं, मिनिटाला शून्य दशांश चौतीस. पूर्वी इथेच माझं काम संपायचं. प्रमाण चांगलं म्हणजे तक्रार खोटी, असं कुणी तोंडावर म्हणत नसे, पण चिठ्ठीवर उमटायचंच. आता मात्र एक थेंब नव्या यंत्रावर घालावा लागतो. यंत्र दिसायला काही नाही. एक काचेची पट्टी, तिच्यावर मागेपुढे घासणारा रबराचा छोटा मणी, मध्ये लाळेचा थेंब, आणि पडद्यावर एक रेघ. लाळ चांगली असेल तर मणी सुळकन सरकत राहतो आणि रेघ बराच वेळ आडवी पडून असते. नुसतं पाणी घातलं तर रेघ दहा फेऱ्यांत वर चढते. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने पहिल्या दिवशी हे करून दाखवलं होतं. "बघा, पाणी ओलं करतं, पण बुळबुळीत करत नाही. ओलं असणं आणि सरकणं वेगळं," तो म्हणाला. मी तेव्हा मान डोलावली होती, पुढाऱ्याच्या भाषणाला डोलावतात तशी. बाईंची रेघ पाण्यासारखीच चढली. डॉक्टरीणबाई आत आल्या, पडद्याकडे बघितलं, म्हणाल्या, "आहे हो तुम्हाला. लाळ भरपूर आहे, पण तिच्यात वंगण नाही." बाई रडल्या वगैरे नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "या रेघेचा कागद मिळेल का? घरी दाखवायचाय."

म्हणजे लिंबं नसती तरी माझा आकडा पुरेसा नव्हता, आणि लिंबं होतीच. दोन्हीकडून मी चुकलो होतो. आमच्या धंद्यात चूक झाली तर नमुना टाकून देतात आणि पुन्हा घेतात, त्याला दहा मिनिटं लागतात. नऊ वर्षं झालेला नमुना कसा टाकतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी घरी गेलो तर पेले दिसले. ते रोजच असतात. खिडकीत एक, फ्रीजवर एक, टीव्हीपाशी एक, पलंगाशेजारी एक, सगळे अर्धे. ते गोळा करून ओतून द्यायचे हे माझं घरातलं एकमेव काम, आणि ते मी नऊ वर्षं कुरकुरत करत आलो. माणसाने एक पेला घ्यावा, तो संपवावा, मग दुसरा घ्यावा, असं मी तिला शिकवायचो. त्या दिवशी मी पेले मोजले. अकरा होते. मग एकेक गोष्ट आपण होऊन पुढे यायला लागली, मी बोलावलं नसताना. पाव ती चहात बुडवल्याशिवाय खात नाही. बिस्किटाचंही तेच. लग्नकार्यात ती ताट घेऊन कोपऱ्यात जाते. पाच वर्षांपूर्वी तिचे चार दात किडले, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मी तिला नेलं. दात काढणाऱ्या पोरगेल्या डॉक्टरने तिला विचारलं होतं, "तोंड कोरडं पडतं का?" तिच्या तोंडात कापूस होता. उत्तर मी दिलं. "मोजलंय मी," मी म्हणालो, "नॉर्मल आहे." ती छताकडे बघत होती. त्यानंतर वर्षभरात तिने शाळा सोडली. गोष्टी सांगायचा कंटाळा आला म्हणाली, आणि मी ते खरं धरलं, कारण कंटाळा म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं.

बुधवारी त्याबद्दल काही बोललो नाही. बोलायला तोंड उघडायचो आणि आवंढा गिळायचो. ते गिळणं मला ऐकू यायला लागलं होतं, स्वतःच्याच घशातलं, आणि किती सहज होतंय याची लाज वाटत होती. बुधवारी सकाळी तिला म्हणालो ते भलतंच. "चौकटीच्या शर्टाचं तिसरं बटण कधी लावणार आहेस? दोन महिने झाले." पलंगाशेजारी बशीत ते बटण मला कितीदा दिसलं होतं. कधी बशीत असायचं, कधी नसायचं. ती म्हणाली, "लावते." मी ठरवून आलो होतो काय आणि बोललो काय.

गुरुवारी सहाच्या चहाला ती गॅलरीत बसली होती. मी पेले आत ठेवले आणि तिच्यासमोर बसलो.

"तुला एक सांगायचंय. मुलगी शिकायला गेली त्या वर्षी मी तुझी लाळ मोजली होती."

"हं."

"तेव्हा तू लिंबं कापत होतीस."

"असेन."

मी सगळं सांगितलं. आंबटाचा वास, संत्र्याच्या बाई, नवं यंत्र, रेघ. पेशंटला सांगतो तसं सांगत गेलो, दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला ते सांगता येत नव्हतं. तिने मध्ये दोनदा पाण्याचा घोट घेतला. तिचं बोलणं हल्ली घोटाघोटाने होतं, वाक्य, घोट, वाक्य, आणि मी इतकी वर्षं त्याला शांतपणा म्हणत होतो.

"म्हणजे तो आकडा खोटा?" ती म्हणाली.

"असू शकतो."

"असू शकतो की होता?"

"होता."

तिने पेला कठड्यावर ठेवला. मला वाटलं चिडेल. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं, तिच्या चिडण्याला उत्तरं द्यायची मला सवय आहे.

"मला वाटलं मीच खोटी," ती म्हणाली. घोट घेतला. "तुम्ही लिहून दिलंत, सही केलीत. म्हटलं, यांचं तर हेच काम, हे कशाला चुकतील. आपल्यालाच तक्रारीची खोड लागलीय. तोंड कोरडं पडलं की मी स्वतःवरच चिडायची. शाळेत गोष्ट सांगताना जीभ अडकली की वाटायचं, नाटकं करतेय मी, कुणी बघत नसतानासुद्धा नाटकं." पुन्हा घोट. "नऊ वर्षं स्वतःलाच खोटं ठरवायचं म्हणजे किती काम पडतं, माहितीय का तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मी नळी आणतो उद्या. पुन्हा मोजू, नीट."

"घरी आणू नका ती नळी," ती म्हणाली. "मी येईन तिकडे. नंबर लावून."

शुक्रवारी ती खरंच नंबर लावून आली. चौदा. दारातून मला ती बाकावर दिसत होती, दोन माणसांच्या मध्ये, पर्स मांडीवर. बावीस वर्षांत तिने माझी खोली पाहिली नव्हती. मी ठरवलं असतं तर तिला आधी आत घेता आलं असतं, पण तिने नंबर लावला होता आणि मला तो मोडायचा नव्हता. बारा झाले, तेरा झाले. "चौदा," मी म्हणालो. ती आत आली. "बसा," माझ्या तोंडून गेलं. घरात मी तिला अगंतुगंच करतो. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बसली, आणि मग दोघांनीही ते तसंच चालू दिलं.

"सकाळपासून काही खाल्लं?"

"नाही."

"चहा?"

"नाही."

"काही आंबट हाताळलं?"

"नाही," ती म्हणाली. मला वाटलं थोडं हसली.

"तोंडात आत्ता काही आहे?"

"आहे."

तिने रुमाल तोंडाशी नेला आणि हात पुढे केला. तळहातावर बटण होतं. पांढरं, चार भोकांचं, कडेने झिजून गुळगुळीत झालेलं. माझ्या चौकटीच्या शर्टाचं तिसरं. "हे गालात धरलं की थोडं पाणी येतं," ती म्हणाली. "आधी खडीसाखर धरायची, पण दात गेले म्हणून सोडली. बटण बरं, संपत नाही." मी ते घेतलं. ते कोरडं होतं. दोन महिने मी ज्यासाठी तिच्या मागे लागलो होतो ते माझ्या हातात होतं, आणि मी खुर्चीचा हात धरला. पण नियम नियमच. या नियमामुळेच तर सगळं झालं होतं, तो पाळला नाही म्हणून.

"तासभर थांबावं लागेल. तोंडात काही असलं की..."

"आकडा खोटा येतो," ती म्हणाली. "थांबते."

ती बाहेर जाऊन पुन्हा त्याच बाकावर बसली. पाणी नाही, बटण नाही. त्या तासात मी चार माणसं मोजली. ॲप्रनच्या खिशात बटण होतं आणि दर वेळी घड्याळाकडे हात जाताना ते लागत होतं. मी मधूनच दारात जायचो. ती ओठ मिटून समोरच्या भिंतीवरची दात घासायची चित्रं वाचत होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून.

तासाने ती आली. मी खिडकी लावली, मोबाइल बंद केला, नळीचं वजन घेतलं. "मान थोडी पुढे. ओठ सैल. बोलायचं नाही. गिळायचं नाही." एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणवेना. तिने केस कानामागे घेतले, तसेच, स्टुलावर घेतले होते तसे, फक्त आता ते पांढरे होते. घड्याळ सुरू केलं. मी तिच्याकडे इतका वेळ सलग किती वर्षांत बघितलं नव्हतं कोण जाणे. ओठांच्या कोपऱ्यांना बारीक चिरा होत्या. त्या कधीपासून होत्या, मला सांगता आलं नसतं. पहिल्या मिनिटाला नळीत काही नव्हतं. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला ओठावर थोडा फेस जमला आणि तिथेच बसून राहिला. खोलीत फ्रीजचा आवाज होता आणि मध्ये मध्ये माझा, गिळण्याचा. पाच मिनिटांत मी सात वेळा गिळलं. मोजणं हे माझं काम, म्हणून मोजलं. ती वाकून बसली होती, तिच्याकडे गिळायला काहीच नव्हतं, आणि तरी तिने नियम अगदी तंतोतंत पाळला.

"झालं," मी म्हणालो.

शून्य दशांश एकवीस ग्रॅम, पाच मिनिटांत. मिनिटाला शून्य दशांश शून्य चार. जेमतेम यंत्राला पुरेल एवढा थेंब निघाला. मणी चौथ्याच फेरीला करकरला आणि रेघ वर गेली. इतकी उभी रेघ मी महिनाभरात बघितली नव्हती. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती.

"किती?"

"शून्य दशांश शून्य चार."

"आणि किती हवं?"

"शून्य दशांश एकच्या खाली गेलं की कोरडं म्हणतात."

"म्हणजे कोरडं आहे."

"आहे. खूप आहे. पहिल्यापासून असणार." मी काचेची पट्टी पुसली. "डॉक्टरीणबाई बघतील. रक्त तपासतील, ग्रंथी तपासतील. औषधं आहेत. सगळं परत येईल असं नाही. मी चुकलो. चूक लिंबाच्या वासाची नव्हती, मला प्रकरण मिटवायचं होतं."

तिने पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून वहीचं पान काढलं, घडीवर फाटत आलेलं. माझंच अक्षर. ०.३८, नॉर्मल, सही. हे तिने इतकी वर्षं बरोबर ठेवलं होतं. तक्रार तोंडाशी आली की बघायला ठेवलं होतं, असं ती नंतर म्हणाली. "यावर काट मारा," ती म्हणाली. मी मारली. "शेजारी आजचं लिहा." लिहिलं. "तारीख." तारीख घातली. "सही." माझी सही इतकी वर्षं एकाच झटक्यात होते. या वेळी पेन दोनदा अडलं.

तिने कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला.

"बटण द्या," ती म्हणाली.

मी खिशातलं बटण काढलं, नळाखाली धुतलं, कोरडं केलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते गालात धरलं, आणि डॉक्टरीणबाईंची खोली कुठे आहे ते विचारलं.